डेल्फ्टची प्रश्नावली आणि मडावीचे वावर

परगावी गेल्यावर ते गाव कसे पाहावे, याविषयी आमच्या घरात पूर्वापार दोन मते आहेत. देवळापासून आरंभ करावा हे एक, आणि बाजारापासून आरंभ करावा हे दुसरे. माहूर, बासर, पंढरपूर ही गावे आम्ही पहिल्या मताने पाहिली. नागपूर आणि हैदराबाद दुसऱ्या मताने. हातात प्रश्नांचा कागद घेऊन गाव पाहण्याची तिसरी रीत आम्हांस साठी उलटल्यावर कळली, आणि ती शिकवणारी गुरू नऊ वर्षांची होती.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता नेरडीगोंड्याहून प्रथमच हॉलंडला, मुलाकडे गेलो. कापूस विकून झाला होता, मृगाला अवकाश होता, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीतच आमच्यासारख्यांना जग पाहता येते. मुलाचे बिऱ्हाड डेल्फ्ट या जुन्या शहराजवळ. नातीचा जन्म तिकडचाच. ती शाळेत डच बोलते, मैत्रिणींशी डच बोलते, आणि स्वप्नेही बहुधा त्याच भाषेत पाहते. मराठी तिला समजते. बोलताना मात्र लिंग-वचनांचा गोंधळ होतो, म्हणून ती आमच्यासमोर गप्प राही. दूरध्वनीवर आठवड्यातून एकदा 'आजी, आबा, कसे आहात?' एवढे चार शब्द म्हणून ती पळून जात असे. प्रत्यक्ष भेटीतही पहिले आठ दिवस त्या चार शब्दांपुढे फारशी मजल गेली नव्हती. आम्ही बोलून दाखवले नाही, परंतु सात समुद्र ओलांडून आलो ते एवढ्याचसाठी काय, असे रात्री आम्हां दोघांच्याही मनात येई.

एका शनिवारी सूनबाईंनी तिच्या हाती एक छापील कागद दिला आणि आम्हां तिघांना आगगाडीत बसवून दिले. तिकडे मुलांच्या वाढदिवसाला 'स्पूरटोख्त' नावाचा एक खेळ खेळतात. माग काढीत केलेली भटकंती, असा त्याचा अर्थ. वाटाड्या नाही, गाडी नाही, घाई नाही. कागदावर अठरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर कुठल्याशा भिंतीवर, पाटीवर वा पुतळ्यावर सापडायचे, आणि त्या उत्तरावरून पुढचे वळण कळायचे. भ्रमणध्वनीत उत्तर शोधायचे नाही, एवढी एकच अट. प्रश्न अर्थातच डच भाषेत. म्हणजे ते आम्हांस मराठीत सांगणे नातीला भाग होते, आणि वाट तिला एकटीला सापडत नसल्याने आमचे ऐकणेही भाग होते. सूनबाईंनी हे योजून केले की सहज, ते आम्ही अद्याप विचारलेले नाही.

पहिलाच प्रश्न असा होता: 'नकाशा डोक्यावर आहे. तो कोणत्या रंगाचा?' आम्ही भिंती धुंडाळीत राहिलो. अखेर नातीने मान वर केली. २०१५ साली उघडलेल्या त्या स्थानकाच्या अवाढव्य छतावर एकोणिसाव्या शतकातील डेल्फ्टचा नकाशा निळ्या रेषांनी रेखाटला आहे. गावात शिरण्यापूर्वी प्रवाशाने गावाचा जुना चेहरा पाहावा, ही योजना आम्हांस फार आवडली. आमच्या राष्ट्रीय महामार्गावरून दिवसाकाठी असंख्य गाड्या नेरडीगोंडा ओलांडतात. त्यांतल्या किती जणांना आपण कोणत्या गावातून गेलो हे कळत असेल?

पुढचा प्रश्न आम्हांस 'औडे डेल्फ्ट' या कालव्याच्या काठी घेऊन गेला. तेथे एका जुन्या इमारतीवर तीन अक्षरे एकमेकांत गुंफलेली शोधायची होती. ती डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा. १६०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीची सहा शहरांत सहा कार्यालये होती, त्यांपैकी डेल्फ्ट हे एक. नातीने अक्षरे ओळखली. पण ती कंपनी आपल्याकडे येत असे, हे सांगण्याची पाळी आमची होती. कोकणात वेंगुर्ल्याला १६३७ पासून त्यांची वखार होती. पूर्वेला मच्छलीपट्टणला तर ते त्याही आधी, सतराव्या शतकाच्या पहिल्याच दशकात उतरले आणि गोवळकोंड्याच्या राज्यातले कापड, नीळ, लोखंड आणि पोलाद जहाजांत भरू लागले. पोलादाचे नाव निघताच आम्ही थोडे ताठ झालो. कारण निर्मळच्या डोंगरांतले लोहखनिज गोदावरीपलीकडे कोनासमुद्रमच्या भट्ट्यांत जाई, आणि तेथले पोलाद तलवारींसाठी घ्यावयास थेट इराणचे व्यापारी येत. आपल्या घाटातल्या दगडाची आणि या कालव्याची अशी दूरची सोयरीक असू शकते, असे आम्ही सांगितले. 'म्हणजे आपला दगड इथे आली?' असे तिने विचारले. 'आला असेलही,' आम्ही म्हणालो. व्याकरण सुधारण्याचा मोह आम्ही त्या दिवशी कटाक्षाने टाळला.

तिसरा टप्पा जुन्या चर्चचा, म्हणजे 'औडे केर्क'चा. त्याचा मनोरा सुमारे ७५ मीटर उंच आणि माथ्याशी जवळजवळ दोन मीटर कललेला. प्रश्न होता, तो का कलला? उत्तर जवळच्या फलकावरून लावायचे होते, परंतु ते आम्ही फलक न वाचताच दिले. मनोऱ्याला जागा करण्यासाठी कालव्याचा भाग बुजवला गेला आणि भरावाच्या जमिनीने भार पेलला नाही. काळ्या कापसाच्या जमिनीत घर बांधणाऱ्या माणसास हे शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतींना तडे जातात. आमच्या आजोबांनी पांढरीचा मुरूम लागेपर्यंत पाया खोदला होता. नात मोठ्या कौतुकाने आमच्याकडे पाहू लागली. आजोबांना डच येत नसूनही उत्तर येते, हा शोध तिला नवा होता.

त्याच चर्चमध्ये चित्रकार व्हर्मीर आणि सूक्ष्म जीव प्रथम पाहणारा लेव्हेनहूक या दोघांच्या समाध्या आहेत. दोघेही १६३२ साली याच गावात जन्मले. लेव्हेनहूक मूळचा कापडाचा व्यापारी. कापडाचे धागे भिंगातून तपासण्याची त्या धंद्याची रीत होती. त्याने स्वतः अधिकाधिक शक्तीची भिंगे घडवली आणि एके दिवशी पाण्याच्या थेंबात वळवळणारी सृष्टी पाहिली. आमचे वडील कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढीत आणि लांबी पाहून भाव सांगत. ते आम्ही कोटाच्या खिशातल्या रुमालाचा सुटा दोरा ओढून दाखवले. रस्त्याच्या पलीकडे प्रिन्सेनहोफ ही वास्तू. स्पेनविरुद्धच्या लढ्याचा नेता ऑरेंजचा विल्यम याला १० जुलै १५८४ रोजी तेथे गोळ्या घालण्यात आल्या. जिन्याजवळच्या भिंतीतील गोळ्यांच्या खुणा काचेआड जपून ठेवल्या आहेत. 'भिंतीला किती जखमा?' असा तो प्रश्न होता. भिंतीची डागडुजी न करता तिची जखम चार शतके सांभाळणारे लोक पाहून आम्ही क्षणभर निःशब्द झालो.

मग मुख्य चौक. एका टोकाला १०९ मीटरांच्या आसपास उंचीच्या मनोऱ्याचे नवे चर्च. दुसऱ्या टोकाला नगरगृह. मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा आद्य विचारवंत ह्युगो ग्रोटियस याचा पुतळा. तेथून निळ्या-पांढऱ्या भांड्यांची दुकाने. ही भांडी चिनी मातीची नव्हेत. चीनहून येणारी नाजूक भांडी पाहून येथील कुंभारांनी साध्या मातीवर कथिलाचा पांढरा लेप देऊन त्यांची नक्कल केली, आणि नक्कलच पुढे गावाची ओळख झाली. निर्मळच्या खेळण्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. पोनिकीचे हलके लाकूड, चिंचोक्याची लापशी आणि भुसा यांतून साकारलेले सीताफळ खऱ्या सीताफळाहून देखणे असते. पुढे घोडेबाजार. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी तेथला दारूगोळ्याचा साठा उडाला आणि गावाचा तो भाग जमीनदोस्त झाला; कारेल फाब्रिटियस हा गुणी चित्रकार त्यातच गेला. आता तेथे झाडे आहेत. त्याही पुढे जुना गुरांचा बाजार; तेथे आता उपाहारगृहांची टेबले मांडलेली. एव्हाना आमच्यापैकी एकाच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. म्हणून तेथे बसलो, कॉफी घेतली, आणि इचोड्याच्या बाजारातल्या बैलजोड्यांच्या किमती नातीला सांगितल्या.

सतरावा प्रश्न मात्र आमच्या मनात कायमचा राहिला. 'चित्रात घर आहे, पण रस्त्यावर घर नाही. काय उरले?' व्हर्मीरचे एका लहानशा गल्लीचे प्रसिद्ध चित्र आहे. विटांचे घर, दारात शिवणारी बाई, बाजूला बोळाचे दार. ही गल्ली नेमकी कोणती, यावर अभ्यासक दीर्घकाळ वाद घालत होते. २०१५ साली फ्रान्स ग्रायझेनहाउट या प्राध्यापकांनी ती शोधली, आणि शोधली ती एका करवसुलीच्या वहीतून. कालव्यातला गाळ काढण्यासाठी व धक्का दुरुस्त ठेवण्यासाठी प्रत्येक घराने रुंदीप्रमाणे कर द्यायचा, म्हणून १६६७ साली घरोघरची आणि बोळाबोळांची मापे लिहून ठेवली होती. चित्रातल्या मापांशी जुळणारी जागा गावात एकच निघाली. आणि त्या घरात चित्रकाराची आत्या राहत होती असेही निष्पन्न झाले. ती जागा फ्लामिंगस्ट्राट या रस्त्यावर आहे. जुनी घरे पाडून तेथे एकोणिसाव्या शतकात नवी उभी राहिली. बोळाचे दार तेवढे जागेवर आहे. नातीने कागदावर डचमध्ये लिहिले, 'दार'.

सहा उत्तरांतील सहा अक्षरे एकत्र केली की एक शब्द बनत होता. त्याचा अर्थ 'खणणे'. खणलेल्या कालव्यावरूनच गावाला डेल्फ्ट हे नाव पडले. परतीच्या गाडीत नात आमच्या मधोमध बसली होती. तिने विचारले, 'आबा, तुमच्या गावाचा असा कागद कुठे मिळते?'

'मिळत नाही,' आम्ही म्हणालो. 'पण तू येशील तेव्हा तयार ठेवू.'

वचन देणे सोपे होते. गावी परतल्यावर आम्ही रोज सकाळी वही घेऊन बसू लागलो आणि अडखळू लागलो. आमच्या गावात मनोरा नाही, पुतळ्यांचा चौक नाही, शिलालेखांची रांग नाही. तरीही हळूहळू प्रश्न सुचत गेले. 'गावाच्या नावातले फळ शोधा': कारण नेरेडु म्हणजे तेलुगूत जांभूळ. 'रस्त्याचा जुना आकडा कोणता?': कारण आजचा ४४ क्रमांकाचा महामार्ग आमच्या साऱ्या आयुष्यात ७ क्रमांकाचाच होता, आणि जुनी माणसे अजून 'सात नंबर' म्हणतात. 'एकाच पाटीवर तीन लिप्या कुठे?' हा प्रश्न बाजारासाठी. 'एकाच जिल्ह्यातल्या कोणत्या दोन तालुक्यांची पाटी एका वर्षी बदलली?' याचे उत्तर किनवट आणि राजुरा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांनी उंबरठा न ओलांडता तीन राज्ये पाहिली, हे नातीला सांगण्याजोगे होते. कुंतलाचा धबधबा होताच: कडेम नदी सुमारे ४५ मीटर खाली झेपावते तेथे उतरायला पायऱ्या किती? आणि एक दिवस निर्मळचा, शामगडाच्या तटबंदीसाठी.

अठरावा प्रश्न सहज लिहिला गेला. 'आपल्या नाल्याकाठच्या वावराचे नाव काय, आणि ते नाव कोणाचे?' त्या वावराला आमच्या घरात पिढ्यानपिढ्या 'मडावीचे वावर' म्हणतात. प्रश्न लिहून झाला आणि ध्यानात आले, की उत्तराचा दुसरा अर्धा भाग आम्हांसही ठाऊक नाही.

आपण कागदोपत्री माणसे. म्हणून कागद पाहिले. १९५४-५५ ची खासरा पहाणी आपल्या भागात जमिनीच्या हक्काची गंगोत्री मानली जाते. तिच्यात त्या गटाला पट्टेदार म्हणून आमच्या आजोबांचे नाव आहे, कब्जेदार म्हणूनही त्यांचेच आहे. मडावी कुठेही नाही. डेल्फ्टच्या वहीने हरवलेले घर शोधून दिले होते. आमच्या वहीत एक माणूस हरवला होता, आणि सापडत होता तो केवळ आमच्या तोंडातल्या नावात.

नात २०२४ च्या डिसेंबरात आली. तिने एकेक प्रश्न सोडवला. जांभळाखाली ती थांबली. पायऱ्यांचा तिचा आकडा आणि आमचा आकडा जुळला नाही, तेव्हा पुन्हा मोजण्याचा तिचा हट्ट गुडघ्यांनी मोडून काढला. चौथ्या दिवशी ती अठराव्या प्रश्नावर आली. 'उत्तर कुठल्या भिंतीवर आहे?' असे तिने विचारले. भिंतीवर नाही, असे सांगताच ती म्हणाली, 'मग माणसाला विचारू.' आणि आम्ही जे धाडस पन्नास वर्षांत केले नव्हते ते तिने त्याच सायंकाळी केले. शेजारच्या गुड्यात एक वृद्ध गोंड गृहस्थ आहेत. पोळ्याला, दिवाळीच्या दंडारीला आमचे त्यांच्याशी येणे-जाणे आहे. तिने कागद त्यांच्यासमोर धरला आणि मोडक्या मराठीत प्रश्न वाचला.

ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'माह्या बापाचा काका व्हता तो, पोरी. दोन सालं पाणी नाही पडलं. तुह्या पणज्याच्या बापाकडून ज्वारी आणली. तिसऱ्या साली वावर गेलं. मंग तो उटनूरकडच्या जंगलात निंघून गेला.' आमच्याकडे वळून त्यांनी शांतपणे पुस्ती जोडली, 'तुमच्या आजानं बैलजोडी देली व्हती वरतून. वाईट माणूस नव्हता तो, दादा.'

आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांस काही उत्तर देता आले असते.

आपल्या वाडवडिलांच्या कष्टांविषयी या पत्रिकेत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते खरे आहे. पैनगंगा ओलांडून आलेल्या त्या माणसांनी हिवतापात मुले गमावली, जंगली जनावरांशी झुंजून कापूस पिकवला. पण त्याच काळाचे दुसरे पानही आहे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हैमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांस या भागाच्या अभ्यासासाठी नेमले. रस्ते झाले तसतसे बाहेरचे शेतकरी आणि सावकार आत आले आणि गोंडांच्या हातून जमिनी गेल्या, असे त्यांनी नोंदवले. 'बाहेरचे' म्हणजे कोण, हा प्रश्न आम्ही ते वाचताना कधी स्वतःला लावून पाहिला नव्हता. हिशेब आज उलटा फिरवता येईल असे आम्ही म्हणत नाही. चार पिढ्यांचे जगणे त्या मातीत मिसळले आहे. पण ज्वारीची दोन वर्षे आणि एक बैलजोडी, हा व्यवहार आमच्या घरी कधीही उच्चारला गेला नाही, एवढे मात्र कबूल केले पाहिजे. भिंतीच्या जखमेला काच लावणारे लोक पाहून आम्ही भारावलो होतो. आमच्याकडे तीवर गिलावा झाला होता.

नातीने त्या वृद्धांना काकांचे पूर्ण नाव विचारले. ते त्यांनी सांगितले. तिला देवनागरी लिहिता येत नव्हती, त्यांना लिहिता येत नव्हते. म्हणून उत्तराच्या रकान्यात ते नाव आम्ही लिहिले. येथे ते छापत नाही, कारण ते त्यांच्या घरचे आहे. मूळ कागद नातीसोबत गेला. एक प्रत आम्ही त्यांना नेऊन दिली, आणि त्यांनी ती देव्हाऱ्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. एक प्रत आमच्या खासरा पहाणीच्या नकलेला टाचून ठेवली आहे. ती वही अपुरी होती, ती तेवढी पुरी केली.

आपल्या बहुतेक घरांतून असे एखादे वावर असेल: आत्रामचे, सिडामचे, मेश्रामचे, अथवा नुसते 'कोलामाच्या विहिरीचे'. त्या नावाचा माणूस कोण होता, हे सांगू शकणारी पिढी आता काठी टेकीत चालते. वाचकांनी आपापल्या गावाचा अठरा प्रश्नांचा कागद करावा, अशी आमची सूचना आहे. सतरा प्रश्न मुलांसाठी असू द्यावेत, जांभळाचे आणि पायऱ्यांचे. अठराव्याचे उत्तर आपण स्वतः जाऊन विचारावे, आणि जाताना एखादे लहान मूल बरोबर न्यावे. आम्हां मोठ्यांच्या तोंडून तो प्रश्न निघत नाही.

यंदा नातीचे पत्र आले, पहिल्यांदाच देवनागरीत. अक्षर वळणदार नाही. 'आबा, आजी, त्या आजोबाला माझी नमस्कार सांगा,' असे तिने लिहिले आहे. आम्ही तो तसाच, एकही चूक न सुधारता, त्यांना जाऊन सांगितला.